काका, टाकी गळत नाही

काका,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात तुमच्या पाट्यांच्या दुकानात मी अ‍ॅक्रिलिकची एक गळकी टाकी घेऊन आलो होतो. कॉम्प्युटरचा प्रोसेसर पाण्यानं थंड ठेवायची जोडणी घरीच करत होतो. पंप कोरडा पडू नये आणि नळ्यांतली हवा वर येऊन निघून जावी, म्हणून अशी टाकी लागते. माझे सांधे झटपट चिकटणाऱ्या ग्लूनं पांढरे पडले होते, तळाच्या कोपऱ्यातून थेंब येत होते. मला फक्त नवे तुकडे कापून हवे होते.

तुम्ही टाकी उजेडाकडे धरलीत. म्हणालात, "कापून देतो, पण तू पुन्हा असंच चिकटवशील." आणि हातातली पाटी बाजूला ठेवून स्टूल पुढे सरकवलंत.

6 मिलिमीटर जाडीचे तुकडे कापून झाल्यावर कडा तुम्ही मलाच घासायला लावल्यात, काचेवर पॉलिश पेपर ठेवून. कड सपाट हवी, चमक नको. मी घरी त्या लायटरनं चमकवल्या होत्या. ज्योतीनं कडेत ताण राहतो आणि त्यावर जोडायला वापरायचा क्लोरोफॉर्म लागला की केसासारख्या चिरा जातात, हे तुम्ही एका टाकाऊ तुकड्यावर करून दाखवलंत. नुसतं सांगितलं असतंत तर मी विसरलो असतो.

मग दार उघडं, पंखा सुरू, आणि तुमचं ते इंजेक्शन. सुई सांध्याला टेकताच क्लोरोफॉर्म आपोआप आत ओढला गेला आणि दुधी दिसणारी रेघ टोकापर्यंत स्वच्छ होत गेली. हा डिंक नव्हे, हे तुम्ही तेव्हा समजावलंत: तो दोन्ही कडा विरघळवतो, स्वतः उडून जातो आणि दोन तुकड्यांचा एकच होतो. पहिली बाजू तुम्ही जोडलीत, बाकीच्या मला जोडू दिल्यात. एका सांध्यात बुडबुडा राहिला, तो तुम्ही दुरुस्त केला नाहीत, माझ्याकडूनच करून घेतलात.

नळी जोडायच्या फिटिंगसाठी 11.8 मिलिमीटरचं भोक पाडण्याआधी ड्रिलची धार दगडावर मुद्दाम बोथट केलीत. नवी धार अ‍ॅक्रिलिकला चावते आणि शीट तडकते. आटे मात्र मी पाडले, पाणी अडवणारी रबरी ओ-रिंगही मीच बसवली.

घरी एक दिवस टाकीला हात लावला नाही. मग फक्त पंपाला वीज देऊन, सांध्यांखाली टिश्यू पेपर अंथरून 24 तास पाणी फिरवलं. रात्री तीनदा उठून बघितलं. कागद कोरडाच होता.

आता आठ महिने झाले. पैसे तुम्ही फक्त शीटचे घेतलेत, त्या दोन तासांचे नाही. त्या गडबडीत तुमचं इंजेक्शन माझ्या पिशवीत आलं. रविवारी ते परत द्यायला येतो, टाकीचे फोटोही आणतो.

तुमचा,
गळकी टाकी घेऊन आलेला मुलगा