मामी, ती वही अजून चालू आहे

सलाम मामी,

समोरासमोर तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, "दूध उतू जातंय बघा." दुसऱ्यांदा ऐकूच आलं नाही असं दाखवलंत. तिसऱ्यांदा चपला घालून सरळ निघून गेलात. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. भाचा मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठू नका. नाव घातलेलं नाही, नाहीतर महिनाभर बोलणार नाही तुम्ही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी. बत्तीस वर्षं झाली. हंगामाआधी शेतकरी उचल नेतो, मग गूळ आमच्याच दुकानात लावतो, सौदा झाला की उचल, तोलाई, हमाली वजा करून हिशोबाची पट्टी त्याच्या हातात पडते. माणसं एकमेकांवर विश्वास टाकतात, पण लिहून ठेवतात. मीही लिहून ठेवायचो. देवाचंसुद्धा.

दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, कधी चुकवला नाही. पगाराच्या दिवशीच पाकीट वेगळं. बायबलातलं मलाखी 3:10 तोंडपाठ: सगळा दशांश भांडारात आणा आणि मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते बघा, असं खुद्द परमेश्वर म्हणतो. वचनात खोट नाही. मी त्याची पट्टी करून ठेवली होती. दुकानातले हमाल जोतिबाला नवस बोलायचे, चैत्रात डोंगरावर जाऊन फेडायचे, गुलालानं माखून यायचे, आणि मी गालातल्या गालात हसायचो. आपल्यात असलं नसतं म्हणून! ते निदान मोठ्यानं बोलत. माझा नवस पाकिटात होता. त्यात घराण्याचा ताठा वेगळाच. अमेरिकन मिशनरी वाइल्डरसाहेब 1852 साली कोल्हापुरात मिशनचं काम घेऊन आले, आणि आमच्या घरात त्या सालाचा उल्लेख असा व्हायचा, की जणू आमचे पणजोबा त्यांच्याच बैलगाडीतून उतरले होते.

मग 2019चा ऑगस्ट आला. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट, हे कोल्हापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ती कधीच मागं टाकून शाहूपुरीत शिरलं. कुंभार गल्लीतल्या गणपतींचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आमचं तळघरासारखं खालचं घर गेलं. वडिलांचं बायबल चिखलातून काढलं तेव्हा पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. ते अजून उघडत नाही. दिवाळीनंतर हिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

मी चर्चला जायचं बंद केलं. भांडण नाही, काही नाही. खातं बंद केलं. माझ्या बाजूनं सगळं चुकतं केलेलं होतं, त्याच्या बाजूनं आलं नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, मी दारातच बोललो. एक गृहस्थ म्हणाले, "एखादं पाप राहून गेलं असेल, तपासून बघा." त्यांना मी चहा पाजून वाटेला लावलं. तेवढी सभ्यता माझ्यात शिल्लक होती.

आणि तुम्ही आलात. दोन गल्ल्या पलीकडून, न बोलावता, हातात डबा. चर्चला का येत नाही, हे विचारलंच नाही. हिची पाठ बघितली आणि माझ्यावर डाफरलात, "दर दोन तासांनी कूस बदलायची असती, सांगितलं न्हाई कुणी?" मिरजेला नर्सिंग शिकलेल्या तुम्ही, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या. त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ येत राहिलात. लॉकडाऊनमध्येही, मास्क आणि वर पदर अशा अवतारात.

एक सकाळ माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही हिच्या केसांत खोबरेल घालत होता. गुंता निघत नव्हता. ही चिडली आणि तिनं चालत्या हातानं, डाव्या हातानं, तुमच्या तोंडावर एक ठेवून दिली. चष्मा कॉटखाली गेला. मी शरमेनं मेलो. तुम्ही वाकून चष्मा काढलात, पदरानं पुसलात आणि म्हणालात, "जोर आलाय हाताला. बरं झालं." आणि पुन्हा फणी घेऊन बसलात.

आपल्या बायबलात शब्द आहे प्रीती. पोरपणापासून उपदेशात ऐकत आलो. उपासनेबाहेर आपण कुणी तो वापरत नाही, म्हणून तो इस्त्रीच्या कपड्यासारखा कपाटातच राहतो. तुम्ही म्हणता माया. "त्याची माया हाय आपल्यावर," असं, ऊन पडलंय म्हणावं तसं. मला ते पहिल्यांदा कानांनी नाही, त्या फणीमुळं कळलं.

तुमची प्रार्थनाही मी चोरून ऐकायचो. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून. "प्रभू, आज हिनं दोन चमचे पेज जास्त घेतली. पाठ बरी हाय. नळाला पाणी आलं न्हाई." संपलं. एवढंच. एकदा न राहवून विचारलं, बरं कर म्हणून मागत का नाही? म्हणालात, "मागते की. पण मागायला म्हणून जात न्हाई."

यावर मी बरेच दिवस काढले, मामी.

तेव्हा मी स्वतःला ईयोब समजत होतो, बायबलातला तो नीतिमान माणूस, ज्याच्यावर काही दोष नसताना संकटं कोसळली. तसं बोलूनही दाखवलं तुम्हाला. ईयोबाच्या पुस्तकात सैतान देवाला पहिल्याच अध्यायात विचारतो, हा तुला फुकट भजतो होय? कुंपण घालून ठेवलंयस म्हणून भजतो. बत्तीस वर्षं पट्ट्या लिहिणाऱ्याला हा प्रश्न जितका झोंबतो, तितका कुणाला झोंबत नसेल. तुम्ही भांडी घासता घासता म्हणालात, "ईयोब भांडत हुता. पण देवाशी भांडत हुता. तुम्ही तर बोलायचंच टाकलंय." आणि वरून: "त्याला शेवटपर्यंत कारण कळलं न्हाई, ठावं हाय न्हवं?" ठाऊक होतं. बेचाळीस अध्याय वाचलेले होते. कारणावाचून माणूस परत बोलू शकतो, हे डोक्यात आलं नव्हतं.

आता वहीचं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण तुमचे आभार मानायचे तर सांगायलाच हवं. तुम्ही आलात त्या पहिल्या दिवसापासून मी नोंद ठेवत होतो. तारीख, वेळ, किती तास, कुठला डबा. आठ महिन्यांची पानं झाली. नर्सचा चालू दर काढला, बेरीज मारली, आणि एका संध्याकाळी वही तुमच्यापुढं ठेवली. मला वाटलं रागवाल, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. तुम्ही चष्मा लावून पानं उलटलीत, शेवटपर्यंत. मग म्हणालात, "मागची पानं कोरी हायत. हिच्या गोळ्यांच्या वेळा लिहीत जावा, सारखं इसरताय."

त्याच रात्री तुम्ही लूकचा पंधरावा अध्याय काढलात. येशूनं सांगितलेली हरवलेल्या मुलाची गोष्ट मी हजारदा ऐकलीय. धाकटा आपली वाटणी उधळून डुकरांजवळ बसून बोलणं घोकतो, बापाला म्हणेन मला गडी म्हणून ठेव. पण बाप धावत येतो आणि गड्याचं वाक्य त्याच्या तोंडातच राहतं. हा भाग सगळ्यांना आवडतो. तुम्ही पुढं वाचत राहिलात. थोरला शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो, रागानं बाहेरच थांबतो. इतकी वर्षं राबलो, मला कधी एक करडूही दिलं नाहीस, म्हणतो. त्याचीही वही होती, मामी. तुम्ही बोट ठेवून दाखवलंत: त्याच्यासाठीही बाप घराबाहेर आलाय, समजूत काढायला. "तुमच्यासारख्यासाठी पण उठून येतोय तो," म्हणालात आणि डबा घेऊन घरी गेलात. थोरला मग आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही. मी पुन्हा पुन्हा पान उलटून बघितलं.

मी लगेच चर्चला आलो नाही, ते तुम्हाला माहीत आहे. सहा आठवडे लागले. मागच्या बाकावर बसलो. दशांश अजून देतो, पण पगाराच्या दिवशी नाही, मनात येईल तेव्हा, आणि कधी कधी विसरतोसुद्धा. माझ्यासारख्या माणसाला विसरणं फार अवघड गेलं.

ही आता खुर्चीत बसते. परवा तुमचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, "मा" एवढंच आलं. मीही आता रोज रात्री तुमच्यासारखं सांगून टाकतो: आज खोकला कमी, आज गुळाला भाव नव्हता, आज चिडलो. वहीची मागची पानं भरत आलीत. पुढची कोरी होणार नाहीत, ती तशीच राहू देत.

या रविवारी हिला घेऊन येतोय. नऊला रिक्षा सांगितली आहे, तुम्ही पुढं जाऊ नका, आमच्याबरोबर चला. आणि तुमचे दोन डबे आमच्याकडेच आहेत. गूळ घालून ठेवलाय. एकाचं झाकण सापडत नाही, शोधतोय.

तुमचा,
दिवाणजी