बी तक्त्यावर चिकटवू नका, मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल नसेल, माझी नात शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. मोठ्या शिशुवर्गात आहे, साडेपाच वर्षांची. ‘बी ते रोप’ या विषयावर रंगीत तक्ता सोमवारी आणावा, पाच चित्रं काढावीत, शेजारी खऱ्या बिया चिकटवाव्यात, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. दिवसभर कचेरी आणि लोकलचा प्रवास करून आलेली माझी सून शुक्रवारी रात्री साडेदहा वाजता मुगाचे दाणे एकेक करून फेव्हिकॉलनं कागदावर बसवत होती. नात केव्हाच झोपली होती.

तक्त्याचा नमुना शाळेनंच दिला होता. त्यात छापलं होतं, ‘बी रुजायला माती, पाणी आणि सूर्यप्रकाश लागतो.’ रविवारी उसळ करायची म्हणून मी मटकी भिजवून, फडक्यात घट्ट बांधून डब्यात ठेवली होती. सकाळी गाठ सोडली तर टपोरे पांढरे मोड. नात ओट्याला टेकून बघत होती. म्हणाली, “आजी, हिला माती कुठे होती? आणि ऊन कुठे लागलं?”

या एका प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे. मी परळ-लालबाग भागात ३१ वर्षं बालवाडीत शिकवलं. इतका नेमका प्रश्न फार थोड्या मुलांच्या तोंडून ऐकला, कारण तो विचारायची संधीच आपण त्यांना देत नाही.

नातीचं बरोबर आहे. आपली नेहमीची कडधान्यं रुजायला पाणी, हवा आणि ऊब लागते. माती नसली तरी चालते, उजेड नसला तरी चालतो. (काही अगदी बारीक बियांना उजेड लागतो, पण मूग, मटकी, वाल, हरभरा त्यातले नव्हेत.) सूर्यप्रकाशाची गरज पुढे पडते, हिरवं पान फुटल्यावर, रोपाला आपलं अन्न आपण करायची वेळ येते तेव्हा. तोवर ते बीमध्ये साठवलेल्या अन्नावर वाढतं. मी मुलांना सांगायची, झाडानं बाळाला डबा बांधून दिलाय, तो संपायच्या आत बाळाला पानं फुटायला हवीत. मुलांना हे चटकन कळतं, कारण तीही डबा घेऊनच घराबाहेर पडतात.

आमच्या वर्गात साधनं म्हणाल तर काचेचे पेले, टिपकागद आणि वाळू. पेल्याला आतून कागद लावायचा, मध्ये ओली वाळू भरायची आणि रात्रभर भिजवलेला दाणा काच आणि कागद यांच्या मध्ये सरकवायचा, म्हणजे सगळं काचेतून दिसतं. दाणा फुगतो, साल फाटते, आधी मूळ बाहेर येतं आणि खाली वळतं. मग कोंब वर येतो. मूळ चांगलं बोटभर वाढलं की मी पेला आडवा करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मुलं बघायची तर मूळ पुन्हा खाली वळलेलं! “बाई, त्याला कसं कळलं?” या प्रश्नावर वर्ग अर्धा तास बोलत राहायचा. चार वर्षांच्या मुलाला गुरुत्वाकर्षण हा शब्द सांगायची गरज नाही. त्यानं ते पाहिलेलं असतं, शब्द येईल मागाहून.

शेजारच्या पेल्यात हरभरा ठेवावा. मूग आपल्या दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन वर येतो, हरभरा त्या खालीच ठेवतो आणि नुसता कोंब वर पाठवतो. हा फरक मुलंच शोधून काढतात. एका वाटीत मूग पाण्यात पार बुडवून ठेवावेत. ते चार दिवसांत कुजून वास मारू लागतात आणि बीला श्वास लागतो हे नाकालाच कळतं. एका वाटीत मुगाची डाळ भिजवावी. ती कधीच रुजत नाही, कारण भरडताना दाणा दुभंगतो आणि आतला अंकुर मोडतो. हे फसलेले पेले फेकू नयेत. ‘माझं का नाही आलं?’ म्हणून मूल रडवेलं होतं, तेव्हाच ते खरं बघायला लागलेलं असतं. आणि रोज उकरून बघणाऱ्या मुलाला तर मुळीच रागवू नये. त्याच्यासाठी चार दाणे जास्त पेरावेत.

आपल्या घरांत हे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, फक्त त्याला आपण शिक्षण म्हणत नाही. वालाचं बिरडं सोलायला मुलांना बसवावं. मोड आलेल्या वालाची साल चिमटीत दाबली की डाळिंबी सटकन बाहेर येते. ती उघडली की दोन डाळींच्या मध्ये चिमुकलं रोप निजलेलं दिसतं. नवरात्रात घटाभोवती धान पेरतो. देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातलं ते धान उंच, नाजूक आणि पिवळट का होतं, हे मुलांना विचारून बघा. त्यातलीच चार रोपं खिडकीत ठेवली की ती हिरवी होतात. उजेडाचं काम काय, याचं उत्तर तिथे आहे. तक्त्यावर ते चुकीच्या जागी छापलंय.

‘मुंबईत जागा कुठे आहे?’ असं मला बरेच पालक विचारतात. माझं सगळं बागकाम चाळीच्या गॅलरीत झालं. पावसाळ्यात इमारतींच्या पाइपांवर, भिंतींच्या भेगांत पिंपळ उगवलेले असतात. फळं खाऊन उडालेल्या पाखरांच्या विष्ठेतून त्या बिया तिथे आल्या. मूल बसच्या खिडकीतून ते बघतं, आपण फक्त बोट दाखवायचं. बाजारात समुद्रमेथीच्या इवल्या जुड्या येतात, त्यांच्या पांढऱ्या मुळांना वाळू लागलेली असते. मेथी वाळूत कशी उगवली, हे निवडता निवडता बोलता येतं. एवढी काळजी मात्र घ्यावी, कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. डब्याला खाली भोकं पाडावीत, बशी रोज रिकामी करावी. हे कामही मुलं आनंदानं करतात.

हे विचार माझ्या पदरचे नाहीत. किंडरगार्टन या शब्दाचा अर्थच ‘मुलांची बाग’. जर्मनीत १८४० साली फ्रोबेलनं हे नाव दिलं आणि त्याच्या शाळेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा वाफा असे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. बिया, पानं, शिंपले, खडे हीच त्यांच्या बालवाडीची साधनं होती. ताराबाईंचा जन्म मुंबईचा. त्याच मुंबईत आज पाच वर्षांच्या मुलाचं बी गोंदानं कागदावर चिकटवलं जातं आणि त्यावर प्लॅस्टिकचं आवरण चढवलं जातं, याचं मला मनापासून दुःख होतं.

शाळांना माझी विनंती आहे. तक्ता मागू नका. प्रत्येक मुलाला दहा दाणे द्या आणि दहा दिवस रोज पाच मिनिटं द्या. पेले वर्गाच्याच खिडकीत ठेवा, घरी पाठवू नका. घरी पाठवलेलं काम आई करते. रोप वीतभर झालं की ते भोकं पाडलेल्या डब्यात लावा. जूनअखेर पेरलेल्या मुगाला ऊन मिळालं, तर गणपतीच्या सुमारास शेंगा धरतात. शेंग वाळवून मुलानं स्वतः फोडावी, आत पुन्हा तेच हिरवे दाणे बघावेत. एका दाण्याचे किती झाले ते मोजावं. शिशुवर्गाच्या गणिताला याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

नातीचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर लागला आहे. त्याच बरणीतले दहा मूग आम्ही दोघींनी त्या रविवारी पेल्यात लावले. सात रुजले. एक तिनं दोनदा उपटून पाहिला, तरी तो जगला. दोन कुजले आणि एक अजून तसाच कडक आहे. त्याला ती ‘झोपाळू’ म्हणते आणि रोज सकाळी दात घासायच्या आधी बघून येते. सोमवारी तिला हा पेला शाळेत न्यायचा आहे. बाईंनी तो वर्गाच्या खिडकीत ठेवू द्यावा.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका
लालबाग, मुंबई