काजवे पाहायला भंडारदरा : शनिवार-रविवार, ६-७ जून

मंडळी, शनिवारी सकाळी ठीक ६ वाजता नाशिक फाट्याला जमायचं आहे. आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. चार गाड्या, प्रत्येकीत चौघं. टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा. मुक्काम भंडारदऱ्याला, जेवण गावातल्याच घरी.

दुपारी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर बघू. अंधार पडला की काजवे. हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते लुकलुकतात आणि बघता बघता अख्खं झाड एका लयीत उजळतं-विझतं. ही चमक म्हणजे नर-मादीची एकमेकांना खूण. आपल्या उजेडात ती हरवते. म्हणून :

- टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावा. मोबाइलचा फ्लॅश बंद म्हणजे बंद.
- गाडी थांबली की हेडलाइट लगेच विझवा. झाडापर्यंत पायीच जायचं.
- वाटेवरच राहा. मादी आणि अळ्या जमिनीलगत असतात, पायाखाली चिरडतात.
- काजवे पकडू नका. लहान मुलांना हे घरीच समजावून आणा.

मोठा पाऊस लागला तर काजवे संपतात, तेव्हा तारीख पुढे ढकलता येणार नाही. नावं बुधवारी रात्रीपर्यंत कळवा. रेनकोट आणि वनखात्याच्या नाक्यासाठी सुटे पैसे जवळ असू द्या.