बाबांच्या साडेसातच्या गोळीबद्दल

हैदराबाद, रविवार

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा नुसतं ‘हं, हं’ करतात, आई मध्येच ‘जेवलीस का’ विचारते आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून आज बसून लिहिते आहे.

आधी घाईचं. आई, शेजारच्या काकूंनी आणून दिलेलं खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण बाबांना देऊ नकोस. त्यात काही नसतं म्हणून नाही, त्यात खरोखर औषध असतं म्हणून. बाबांच्या पार्किन्सनच्या गोळीत जे लेव्होडोपा आहे तेच त्या बियांत असतं. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते त्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं. गोळीत ते किती आहे हे पाकिटावर छापलेलं असतं. चमचाभर चूर्णात किती हे सांगता येत नाही, बी कुठलं, कसं, यावर ते बदलतं. दोन्ही एकदम पोटात गेलं तर मात्रेचा हिशोबच राहणार नाही. काकूंना वाईट वाटेल असं बोलू नकोस. चूर्णाचा डबा पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखव आणि ते म्हणतील तसं कर.

दुसरं, साडेसातची गोळी दुधाबरोबर नको. पाण्याबरोबर घ्या आणि दुधाचा पेला निदान अर्ध्या तासाने. बाबा, कारण सांगते, कारण कळल्याशिवाय तुम्ही ऐकत नाही हे मला माहीत आहे. लेव्होडोपा हे एक अमिनो आम्ल आहे. दूध, डाळ, अंडं यांतली प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला त्या सगळ्यांची दारं तीच. बार्शी स्टँडवर सोलापूरची गाडी लागली की दाराशी कशी झुंबड उडते, तसं होतं. गोळीला आधी चढू द्या. पाण्याबरोबर घेऊन मळमळलं तर मनाने काही न करता डॉक्टरांना विचारा.

आता त्या गोळीबद्दलच थोडं लिहिते, कारण नवी औषधं शोधायच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर काय करते हे तुम्हाला सांगायला याहून चांगली वस्तू मला सापडणार नाही.

बाबांच्या मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन, कमी पडतं. मग सरळ डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला आत घेत नाही. म्हणून लेव्होडोपा द्यायचं, ते आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. ही गोष्ट कळायला फार वर्षं गेली. १९१३ साली गुगेनहाइम नावाच्या स्विस रसायनज्ञाने एका घेवड्यासारख्या शेंगेतून लेव्होडोपा काढलं, अडीच ग्रॅम स्वतः खाऊन पाहिलं, उलट्या झाल्या आणि ते तसंच मागे पडलं. १९५७ साली स्वीडनमध्ये कार्लसन यांनी जनावरांना आधी रिसर्पिन देऊन जागच्या जागी थिजवलं आणि मग लेव्होडोपा टोचून त्यांना पुन्हा हिंडतं केलं. रिसर्पिन म्हणजे आपल्या सर्पगंधेतलं. तुमच्या दवाखान्यातल्या कपाटात रक्तदाबासाठी त्या गोळ्यांची बाटली असायची, आठवते का? १९६७ साली अमेरिकेत कोट्झियस यांनी अगदी थोड्यापासून सुरुवात करून मात्रा हळूहळू वाढवत नेली आणि वर्षानुवर्षं जखडलेली माणसं चालायला लागली.

तरी अडचण होतीच. पोटातून घेतलेलं बरंचसं लेव्होडोपा मेंदूबाहेरच डोपामिन होऊन वाया जातं आणि मळमळ होते ती वेगळी. म्हणून गोळीत दुसरं नाव आहे कार्बिडोपा. ते स्वतः मेंदूत जात नाही, बाहेर उभं राहून ही नासाडी थांबवतं. त्याच्यामुळे लेव्होडोपा जवळजवळ पाऊणपट कमी लागतं. मला ही जोडी फार आवडते. जो रेणू आत जाऊ शकत नाही, त्याच्या न जाण्याचाच कुणीतरी उपयोग करून घेतला.

आणि अजून एक. लेव्होडोपाचा रेणू दोन रूपांत असतो, डाव्या आणि उजव्या हातासारखा. साध्या पद्धतीने बनवला तर निम्मे असे, निम्मे तसे निघतात. शरीराला त्यातला एकच उपयोगी पडतो, दुसरा नुसता ओझं आणि अपायही. अमेरिकेत मोन्सँटो कंपनीत नोल्स यांनी ऱ्होडियम धातूचा असा उत्प्रेरक शोधला की जवळजवळ सगळा हवा तोच हात तयार व्हावा. त्यासाठी त्यांना २००१ साली नोबेल मिळालं. बाबांच्या तळहातावरच्या एवढ्याशा गोळीत इतक्या जणांची आयुष्यं आहेत.

गेल्या महिन्यात बाबांनी विचारलं होतं, “मनू, पंधरा वर्षं झाली. मेडिकलमध्ये गेलो तर तुझं औषध कुठलं म्हणून मागू?” मी विषय बदलला. बाबा, एकही नाही. आणि ज्यावर मी चार वर्षं काम करत होते तो प्रकल्पही आषाढात बंद झाला. तुम्हाला सांगितलं नाही. गणपतीला आले नाही त्याचं खरं कारण तेच.

मेंदूच्याच एका आजारावरचं काम होतं. आमचा रेणू त्या आजारातल्या प्रथिनावर हवा तसा बसत होता, पण मेंदूत टिकत नव्हता. भिंतीत पंप असतात, ते परका रेणू आला की बाहेर फेकतात. कागदावर चित्र काढायचं, मग ते बनवायचं. आठ पायऱ्या. प्रत्येक पायरीत शंभरातले ऐंशी हाती लागले तरी शेवटी सतराच उरतात. पदार्थ झाला का हे टीएलसीच्या पट्टीवर ठिपका बघून ठरवायचं, तो शुद्ध करायला सिलिकाच्या कॉलममधून नळीमागून नळी गोळा करायची, रोटाव्हॅप नावाच्या फिरत्या यंत्रावर द्रावक उडवायचा आणि तळाशी उरलेली चिमूटभर पांढरी पूड, रेणूची रचना ओळखणाऱ्या एनएमआर यंत्राला द्यायची. एका नायट्रोजनवरचा एक हायड्रोजन त्या पंपाच्या नजरेत येत होता. शेजारी फ्लोरीन बसवून आम्ही तो झाकला. त्याला आठ महिने लागले. ज्या दिवशी उंदरांच्या मेंदूत तो रेणू सापडल्याचे आकडे आले, त्या दिवशी मी सगळ्यांसाठी जिलेबी नेली होती. मग पुढच्या चाचणीत जास्त मात्रेला उंदरांच्या यकृतावर सूज दिसली. एका बैठकीत, चाळीस मिनिटांत, संपलं. निर्णय बरोबर होता. माणसाच्या यकृताचा प्रश्न असताना मी त्या खोलीत असते तर मीही तेच केलं असतं, आणि मी त्या खोलीत होतेच. हात वर करताना घसा दाटून आला, एवढंच.

बाबा, हे काम मी तुमच्याकडूनच शिकले आहे, आणि हे मी तुम्हाला कधी म्हटलेलं नाही. शाळा सुटल्यावर दवाखान्यात तुमच्या पाटीमागच्या स्टुलावर बसायचे. तुम्ही खलात गोळ्या घोटायचात, कागदावर पूड सारखी पसरून सुरीने वाटे करायचात आणि पुड्या बांधायचात. एकही वाटा डोळ्याला लहानमोठा दिसायचा नाही. औंसाचा ग्लास डोळ्यांच्या रेषेत आणून खालची कड वाचायची, वरची नाही, हे तुम्ही मला आठवीत दाखवलंत. पुण्यात पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पीएचडीला लागले तेव्हा तेच आम्हाला परत शिकवलं. तिथला पहिला पावसाळा फार कठीण गेला. ग्रिन्यार नावाची, ओल जराही न चालणारी अभिक्रिया करायला घेतली की हवेतल्या ओलीने मॅग्नेशियमच्या तारा ईथरमध्ये नुसत्या पडून राहायच्या. आयोडीनचा एक खडा टाकायचा, फ्लास्क तळहातांत धरून ऊब द्यायची आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी तो तपकिरी रंग विरला आणि ईथर आपोआप उकळायला लागलं. रात्रीचे अकरा वाजले होते, नाहीतर तुम्हाला फोन केला असता.

आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. दिवाळीत घरी आले होते तेव्हा तुमची हिशोबाची वही पाहिली. जानेवारीतलं अक्षर टपोरं, पाटीवर लिहिल्यासारखं. पुढे पुढे बारीक होत गेलेलं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. या आजाराची ही खूण मला माहीत आहे. हात थरथरायला लागायच्या आधीही ती दिसू शकते. रोज मेंदूच्या भिंतीबद्दल बोलणारी मी, वही मिटून कपाटात ठेवली आणि फराळाला बसले. डॉक्टरांकडे तुम्ही फाल्गुनात गेलात. ते चार महिने मी वाया घालवले. मला माफ करा.

मी येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते आहे. शनिवारी सकाळी सोलापूर, तिथून एसटी. आठ दिवसांची रजा आहे. नवा प्रकल्प पुढच्या महिन्यात सुरू होतोय, मेंदूचाच, मी मागून घेतला. आई, माझ्यासाठी कडक भाकऱ्या करून ठेव, येताना मी पूतरेकुलु, ती तांदळाच्या कागदासारख्या पापुद्र्यांची मिठाई, आणते.

बाबा, तोवर एक काम करा. त्याच वहीत रोज तीन गोष्टी लिहा: गोळी किती वाजता घेतली, हात कधी मोकळा झाला, परत कधी जखडला. पुढच्या खेपेला डॉक्टरांना त्यावरूनच वेळा बसवता येतील. आईला लिहायला सांगू नका, तुम्हीच लिहा. अक्षर बारीक आलं तरी चालेल, मला वाचता येतं.

तुमची,
मनू