गॅस लागला, पण येणार कुठल्या रस्त्यानं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडिया या सरकारी तेल-वायू कंपनीला गॅस लागला ही बातमी सप्टेंबर २०२५ मध्ये आली आणि तेव्हापासून आमच्या शेअरवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशाच्या नावाचा नुसता जप चालू आहे. "सर, आत्ताच उचला, मल्टीबॅगर आहे" (म्हणजे पैसे कितीतरी पट करणारा शेअर), "काका, पाच वर्षं विसरून जा आणि मग बघा" असले मेसेज रोजचेच झालेत. वर्तमानपत्रांच्या अर्थ पानांवरही मथळा हाच, की अंदमान म्हणजे भारताचं गयाना होणार. खुद्द पेट्रोलियम मंत्र्यांनीच गयानाचं नाव घेतलं होतं म्हटल्यावर लोकांना तरी काय बोलणार. पण हा गॅस गिऱ्हाइकापर्यंत जाणार कसा, हा साधा प्रश्न कुणी विचारताना दिसत नाही म्हणून हे पत्र.

आधी नक्की काय सापडलंय ते बघा. श्री विजयपुरम-२ नावाची विहीर, किनाऱ्यापासून साधारण १७ किलोमीटर, पाण्याची खोली २९५ मीटर. सुमारे २,२०० मीटर खाली टेस्टिंग केलं तेव्हा गॅस असल्याचं दिसलं, ज्वाला अधूनमधून पेटली, नमुन्यात ८७ टक्के मिथेन निघाला. हे सगळं चांगलंच आहे, वाद नाही. साठा किती आणि धंद्याच्या दृष्टीनं परवडणारा आहे का हे पुढच्या काही महिन्यांत तपासू असं त्याच घोषणेत म्हटलं होतं, पण फॉरवर्ड करणाऱ्यांनी ते वाक्य तेवढं कापलं. आणि अजून एक गोष्ट, तो नमुना तपासायला जहाजानं काकीनाड्याला न्यावा लागला. म्हणजे बाटलीभर गॅसलासुद्धा बंगालचा उपसागर ओलांडायला जहाज लागलं, तर रोजचे लाखो घनमीटर कसे आणणार ते सांगा ना.

आता गयानाबद्दल. तिथं २०१९ च्या डिसेंबरात लिझा फील्डमधून उत्पादन सुरू झालं आणि देश बघता बघता श्रीमंत झाला, हे खरंय, पण तो झाला तेलावर. समुद्रातच उभ्या असलेल्या मोठ्या जहाजावर तेल साठवायचं, टँकर आला की भरायचं आणि जगात कुठंही विकायचं, पाइपलाइन नको आणि शेजारी गिऱ्हाईकही नको. त्याच फील्डमधून तेलाबरोबर निघणाऱ्या गॅसचं काय केलं? बराचसा परत जमिनीखाली दाबला. किनाऱ्यापर्यंत गॅसची लाइन टाकून ३०० मेगावॅटचं वीज केंद्र उभारायचं त्यांचं काम इतकं रेंगाळलं की तेलाच्या पैशानं देश कुठल्या कुठं गेला आणि गॅस मागेच राहिला. तेव्हा अंदमानला तेल लागलं तर गयानाचं नाव घ्या, गॅससाठी घेऊ नका एवढंच माझं म्हणणं.

माझ्या शेजारी एक गृहस्थ राहतात, सगळी नोकरी समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर गेली. त्यांना हा मेसेज दाखवला तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अहो, तेल सापडलं की लोक नाचतात, गॅस सापडला की इंजिनीअर डोकं धरून बसतात." त्यांनीच मग बॉम्बे हायचं सांगितलं. १९७४ ला तेल लागलं, १९७६ ला निघायला लागलं, उरणपर्यंत लाइन यायला १९७८ उजाडलं, आणि त्यानंतरही घेणारे कारखाने तयार नव्हते म्हणून कितीतरी वर्षं गॅस नुसता जाळला जात होता. मुंबईजवळच्या समुद्रातल्या बसीन फील्डचा गॅस हजीराहून उत्तरेकडे नेण्यासाठी १९८४ मध्ये गेल नावाची अख्खी नवीन कंपनी काढावी लागली. मुंबईसारखं गिऱ्हाईक समोर असताना ही गत.

अंदमानात समोर कोण आहे? बेटांवरची वीज अजून मुख्यतः डिझेल जनरेटरवर. तिथं गॅसवर चालणारा ५० मेगावॅटचा प्रकल्प करायची चर्चा बरीच जुनी आहे, पण धरा झाला, तरी गॅस किती लागेल? त्रिपुरात ओएनजीसीनं पालाटणाला ७२६ मेगावॅटचं केंद्र उभं केलं, त्याला दिवसाला साधारण साडेसव्वीस लाख घनमीटर लागतो, त्या हिशोबानं ५० मेगावॅटला दोन लाखाच्या आसपास. आंध्रच्या किनाऱ्यासमोरचं रिलायन्सचं केजी-डी६ हे गॅस फील्ड ऐन भरात असताना २०१० मध्ये दिवसाला सहा कोटी घनमीटर देत होतं. म्हणजे फक्त बेटापुरता विकायचा म्हटला तर डिझेल वाचेल, बेटावरच्या लोकांचं भलं होईल आणि ते व्हायलाच पाहिजे, पण त्यावर कुणाचा शेअर मल्टीबॅगर होत नसतो.

पालाटणाचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, कारण मला ते फार आवडतं. त्रिपुरात गॅस होता, बाहेर न्यायला लाइन नव्हती, मध्ये बांगलादेश. तेव्हा गॅसच्या पाइपऐवजी विजेच्या तारेनं बाजार गाठायचं ठरलं. टर्बाइनसारखी अवजड यंत्रं बांगलादेशातून आशुगंजपर्यंत नदीनं आणि पुढं रस्त्यानं आणली, २०१३ मध्ये पहिल्या युनिटचं उद्घाटन झालं आणि आता ती वीज ४०० केव्हीच्या लाइनवरून आसामकडे जाते. डोकं लढवलं की रस्ता निघतो, पण अंदमानातून चेन्नईपर्यंत तार कोण टाकणार?

मग राहिली पाइपलाइन. अंतर साधारण १,२०० किलोमीटर आणि मध्ये समुद्र तीन किलोमीटरहून खोल. ओमानहून भारतात समुद्राखालून लाइन आणायची गोष्ट नव्वदच्या दशकापासून ऐकतोय, तिथंही साडेतीन किलोमीटरच्या आसपास खोलीचाच प्रश्न, आणि ती अजून कागदावरच आहे. केजी-डी६ किनाऱ्यापासून साठेक किलोमीटर, तरी २००२ ला सापडलेला गॅस यायला एप्रिल २००९ उजाडलं. शिवाय पुढं काकीनाड्यापासून भरूचपर्यंत चौदाशे किलोमीटरची लाइन लागली, ती आपल्या महाराष्ट्रातूनच गेलीये. शेतात पिवळे खांब दिसतात ना तीच. जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, पीक घेता येतं, पण त्या पट्ट्यात झाड लावायचं नाही की विहीर पाडायची नाही, आणि १९६२ च्या कायद्यानं हक्काबद्दल मिळतात जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के. आता ह्यात गुंतवणूकदारानं बघायचं ते असं, की फील्ड रिलायन्स इंडस्ट्रीजचं होतं पण लाइन प्रवर्तकांच्या वेगळ्या कंपनीकडे होती. गॅस झपाट्यानं कमी झाला तेव्हा एवढी मोठी लाइन बरीचशी रिकामी पडली, शेवटी २०१९ मध्ये १३,००० कोटींना कॅनडाच्या ब्रुकफील्ड कंपनीच्या ट्रस्टनं घेतली. फील्डमध्ये कमाई एकाची, लाइनचं भाडं दुसऱ्याचं, हे शेअर घेताना किती जणांनी बघितलं होतं?

शेवटचा रस्ता म्हणजे गॅस थंड करून एलएनजी म्हणजे द्रवरूप करायचा आणि जहाजात भरायचा. आणि इथं ऑइल इंडियाच्या शेअरहोल्डरनं दुसरीकडे नाही, स्वतःच्याच कंपनीकडे बघावं. आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या समुद्रातल्या रोवुमा एरिया-१ या गॅस ब्लॉकमध्ये व्हिडिओकॉनचा, हो आपल्या औरंगाबादच्याच, १० टक्के वाटा होता, तो ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडियानं मिळून जवळजवळ अडीच अब्ज डॉलरला घेतला, २०१४ च्या सुरुवातीला व्यवहार पूर्ण झाला. त्यातला ४ टक्के ऑइल इंडियाचा. भारत पेट्रोलियमचेही १० टक्के तिथंच आहेत. गॅस प्रचंड, शंकाच नाही. एलएनजीचा प्रकल्प जमिनीवर करायचं ठरलं, २०१९ ला मंजुरी झाली, मार्च २०२१ मध्ये जवळच्या पाल्मा गावावर दहशतवादी हल्ला झाला आणि काम बंद. साडेचार वर्षांनी, २०२५ च्या शेवटी शेवटी प्रकल्प चालवणाऱ्या टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीनं कामावरची स्थगिती उठवली, आता पहिला गॅस २०२९ ला म्हणतायत. आणि गंमत बघा, शेजारच्याच ब्लॉकमध्ये एनी या इटालियन कंपनीनं कोरल सुल नावाचा तरंगता कारखाना समुद्रातच उभा केला, किनाऱ्यावर पायच ठेवला नाही, आणि तिथून नोव्हेंबर २०२२ पासून जहाजं भरून जातायत. समुद्र तोच, खोरं तेच, फक्त रस्ता वेगळा निवडला तर एकाचा पैसा सुरू झाला आणि दुसऱ्याचा दहा-बारा वर्षं अडकून पडलाय.

अंदमानला असा तरंगता कारखाना होऊ शकतो का? होऊ शकतो. मलेशियाच्या पेट्रोनास कंपनीचा त्यातल्या त्यात छोटा आहे तोसुद्धा वर्षाला १२ लाख टनांचा, त्याला वीसेक वर्षं पुरेल इतका साठा हातात असल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही. एका विहिरीवरून ते ठरत नाही, अजून चार-सहा विहिरी खणाव्या लागतील आणि तो खर्च आपल्यासारख्यांच्या डिव्हिडंडमधूनच जाणार आहे.

कंपनी वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्याकडे तिचे थोडे शेअर आहेत आणि ते मी आसामचं उत्पादन, नुमालीगड रिफायनरीचा विस्तार आणि ईशान्येची १,६५६ किलोमीटरची गॅस ग्रिड डोळ्यापुढं ठेवून घेतलेत. ती ग्रिड जसजशी पुढं सरकेल तसतसा आसामच्या गॅसला रस्ता मिळेल, तिथं निदान खांब रोवलेले दिसतात. अंदमानसाठी मी आज एक रुपयाही जास्त मोजणार नाही.

तुमच्या अर्थ पुरवणीला विनंती एवढीच, की पुढच्या वेळी गॅस सापडल्याची बातमी छापताना विहिरीपासून सगळ्यात जवळची पाइपलाइन किती लांब आहे, ती कुणाच्या मालकीची आहे आणि घेणारं गिऱ्हाईक कोण आहे हे दोन ओळीत छापा, आणि कंपनीच्या साहेबांची मुलाखत घेतलीत तर आमच्या वतीनं हेच विचारा. उत्तर आलं नाही तर उत्तर आलं नाही असंच छापा.

आपला नियमित वाचक,
एक छोटा गुंतवणूकदार, डोंबिवली (पूर्व)