पोलादाच्या टीसीवर आणखी एक रकाना हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बाहेरून येणारा माल बनताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर युरोप लावत असलेल्या कराबद्दल, म्हणजे ‘सीबॅम’बद्दल, आपल्याकडे चर्चा होते ती बहुतेक तो न्याय्य आहे की अन्याय्य एवढ्यावरच. भोसरीतल्या एका लहान बोल्ट-नट कारखान्यात गेली अठरा वर्षे मी गुणवत्ता तपासणीचे काम पाहतो. आमचे घोडे कराच्या आधीच अडते, ते मापावर.

ज्यापासून बोल्ट बनतात त्या वायर रॉडची कॉइल गेटमधून आत आली की टॅगवरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटशी ताडून पाहायचा, हे आमचे पहिले काम. या टीसीवर कार्बन, मँगनीज, सल्फर, फॉस्फरस असे रकाने असतात. त्यातला ‘कार्बन 0.20 टक्के’ हा पोलादाच्या अंगातला. ते पोलाद तयार होताना धुराड्यातून किती गेला, त्याचा रकाना त्या कागदावर नसतो. आमच्या युरोपातल्या ग्राहकाला हवा असतो तो नेमका हाच आकडा. बोल्टच्या नावावर चढणाऱ्या उत्सर्जनातला सिंहाचा वाटा या रॉडचाच. आमच्या हार्डनिंगच्या भट्टीत जळणारा गॅस त्यापुढे किरकोळ. ग्राहकाने पाठवलेल्या एक्सेलच्या फॉर्ममधली आमची पाने आम्ही भरली, रॉडचे पान कोरे राहिले. मिलला तीनदा लिहिले, उत्तर नाही. खरा आकडा देता आला नाही की युरोपने ठरवलेला सरसकट आकडा लागू होतो, आणि तो चढा असतो. 1 ऑक्टोबर 2023 पासून फक्त माहिती द्यावी लागत होती. 1 जानेवारी 2026 पासून आलेल्या मालावर पैसे मोजावे लागणार आहेत. वर्षाला 50 टनांपर्यंत आयात करणाऱ्याला सूट आहे, पण आमच्या ग्राहकाची खरेदी त्याच्या कितीतरी पुढे जाते.

आता दुसरी गोष्ट. आमच्या मालकांनी कर्ज काढून शेडच्या पत्र्यावर सोलर पॅनेल बसवले. हेडिंग आणि थ्रेड रोलिंगची, म्हणजे बोल्टचे डोके घडवणारी आणि आटे पाडणारी मशिने दिवसा बरीचशी त्यावर चालतात. सीबॅममध्ये लोखंड-पोलादाच्या मालाला सध्या फक्त थेट उत्सर्जन धरले जाते, विजेमागचे नाही. म्हणजे या पॅनेलची तिथे काहीच किंमत नाही. इकडे आपल्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली : एक टन तयार पोलादामागे 2.2 टनांपेक्षा कमी कार्बन उत्सर्जन असेल तर तारांकन, 1.6 च्या खाली असेल तर पाच तारे. या मोजणीत वीज धरलेली आहे. एकाच रॉडला दिल्लीत एक तराजू आणि ब्रुसेल्समध्ये दुसरा. दशमान पद्धत येण्यापूर्वी बाजारागणिक पायली बदलायची, असे आजोबा सांगत. त्यात भरडला जायचा तो लहान शेतकरी. इथेही तेच होते आहे. मोठ्या मिलकडे सल्लागारांची फौज असते. आमच्याकडे मी आणि एक अकाउंटंट.

यावरचा तोडगा जागतिक व्यापार संघटनेच्या एका करारात बऱ्याच अंशी लिहिलेला आहे. 1 जानेवारी 1995 पासून लागू असलेला हा करार व्यापारातल्या तांत्रिक अडथळ्यांबद्दल आहे. तो पर्यावरणाच्या आड येतो हा समज चुकीचा आहे. पर्यावरणाचे रक्षण हा त्यात रास्त उद्देश म्हणून नाव घेऊन नोंदवलेला आहे. त्याचे म्हणणे एवढेच की गरजेपेक्षा जास्त अडवणूक करू नका, आंतरराष्ट्रीय मानक असेल तर त्याचा आधार घ्या, आणि दुसऱ्या देशाची तपासणी भरवशाची असेल तर ती शक्य तिथे मान्य करा. पामतेलाच्या इंधनावरून मलेशियाने याच संघटनेकडे युरोपविरुद्ध केलेल्या तक्रारीचा निकाल मार्च 2024 मध्ये आला. हवामानासाठी नियम करण्याचा युरोपचा अधिकार त्यात मान्य झाला; ठपका बसला तो आकडेवारीचा वेळेवर फेरआढावा न घेण्यावर आणि अंमलबजावणीतल्या भेदभावावर.

सीबॅम या करारात बसतो की तो निव्वळ कराचा मामला, यावर कायदेपंडित भांडत आहेत. अडचण मला माझ्या टेबलावरून दिसते. जास्त धूर सोडून बनलेल्या ‘काळ्या’ पोलादाचा बोल्ट आणि स्वच्छ पोलादाचा बोल्ट माझ्या गेजमध्ये सारखाच बसतो, दोघांची ताकदही सारखीच भरते. फरक वस्तूत नाही, ती कशी बनली यात आहे, आणि हा करार मुख्यत्वे वस्तूचे गुणधर्म डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. म्हणूनच मोजण्याची रीत सर्वांची एक असणे फार गरजेचे आहे. पोलादाच्या उत्सर्जनासाठी आयएसओ 14404 हे मानक 2013 पासून आहे. डिसेंबर 2023 मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत पोलादाच्या मोजणीत एकवाक्यता आणण्याची तत्त्वेही जाहीर झाली. तरीही प्रत्येक जण आपापली फूटपट्टी काढतो आहे.

उत्सर्जन कमी व्हायलाच हवे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीजवळ आठ तास उभे राहणाऱ्या माणसांना उष्मा वाढतोय हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पण आज पडताळणीच्या कागदांवर जाणारा पैसा भट्टी सुधारण्यावर गेला, तर धूर खरोखर कमी होईल.

सरकारने युरोपशी बोलताना केवळ सवलत मागू नये. भारतात झालेली पडताळणी तिथे ग्राह्य धरावी, हा आग्रह जिनिव्हात व्यापार संघटनेपुढे आणि ब्रुसेल्समध्ये युरोपीय संघापुढे धरावा. परदेशी नियमांचे मसुदे या कराराखाली आधी कळवले जातात आणि हरकतींसाठी साधारण 60 दिवस मिळतात. आपल्याकडे याचे चौकशी केंद्र भारतीय मानक ब्युरोत आहे. भोसरी, चाकण, शिरोलीतल्या उद्योग संघटनांना हे मसुदे मराठीत, मुदत संपण्याआधी मिळावेत.

आणि एक गोष्ट तर कोणाशीही वाटाघाटी न करता करता येईल. प्रत्येक मिलने टीसीवर टनामागच्या उत्सर्जनाचा आकडा छापावा, थेट वेगळा आणि विजेचा वेगळा. मानक ब्युरोने तसा नियम करावा. सहीच्या वर तेवढी जागा असते.

आपला,
बोल्ट-नट कारखान्यातील एक गुणवत्ता निरीक्षक,
भोसरी, पुणे