पश्चात्तापाची टक्केवारी आणि जागांचे गणित

महोदय,

ब्रेग्झिट चुकले असे निम्म्याहून अधिक ब्रिटिशांना वाटते, मग तिथले पक्ष युरोपीय महासंघात परत जाण्याचे नाव का काढत नाहीत, असा प्रश्न आपल्याकडच्या बातम्यांत आणि अग्रलेखांत सतत येतो. नेत्यांना हिंमत नाही, असे म्हणून तो बहुधा तिथेच सोडून दिला जातो. हिंमत कमी पडली हे खरेच. पण ती का कमी पडली हे समजायला चाचणीच्या आकड्याशेजारी मतदारसंघांचा नकाशा ठेवावा लागतो.

आधी आकडा. 'मागे वळून पाहता बाहेर पडण्याचा निर्णय बरोबर होता की चूक?' हा प्रश्न युगव्ह ही जनमत चाचणी संस्था ऑगस्ट २०१६ पासून विचारत आली आहे. पहिल्या वेळी ४६ टक्के लोक 'बरोबर' म्हणाले, ४२ टक्के 'चूक'. जानेवारी २०२५ मध्ये हेच प्रमाण ३० आणि ५५ झाले. फरक मोठा आहे, पण तो सगळा मतपरिवर्तनाचा नाही. बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलेल्या काहींना पश्चात्ताप झाला, तसेच २०१६ मध्ये मतदानालाच न गेलेले लोक आता मोठ्या प्रमाणात 'चूक' म्हणतात. तेव्हा शाळेत असलेली मुले मतदार झाली आणि ज्यांचा कौल बहुतांशी बाहेर पडण्याचा होता त्या ज्येष्ठांपैकी अनेकजण हयात नाहीत. म्हणजे मते बदलली, आणि मतदारही बदलले.

दुसरी अडचण प्रश्नाच्या शब्दांची. नुसते 'परत जावे का' असे विचारले तर बहुमत 'हो' म्हणते. 'युरो स्वीकारावा लागला आणि जुन्या सवलती मिळाल्या नाहीत तरी जावे का' असे विचारले की पाठिंबा चांगलाच घसरतो. ब्रिटन सदस्य असताना त्याला युरोतून सूट होती, शेंगेनच्या, म्हणजे पासपोर्ट तपासणीविना प्रवासाच्या क्षेत्राच्या, बाहेर राहण्याची मुभा होती आणि १९८४ मध्ये थॅचरबाईंनी मिळवलेला वर्गणीतला परतावाही होता. नव्याने दार ठोठावणाऱ्याला हे सारे परत मिळेल याची हमी कोण देणार? शिवाय 'चूक झाली' म्हणणारा माणूस त्याच मुद्द्यावर मत देईल असे नाही. इप्सॉस ही संस्था दर महिन्याला लोकांना पर्याय न देता देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते, असे विचारते. २०१९ मध्ये त्या यादीत ब्रेग्झिट सर्वांत वर होते. नंतर महागाई, आरोग्यसेवा आणि स्थलांतर या विषयांनी त्याला खाली ढकलले.

आता नकाशा. २३ जून २०१६ च्या सार्वमताची मोजणी मतदारसंघांप्रमाणे झाली नव्हती, ३८२ स्थानिक मोजणी क्षेत्रांप्रमाणे झाली होती. त्यामुळे मतदारसंघनिहाय कौल हा बहुतेक ठिकाणी संशोधकांनी काढलेला अंदाज आहे. त्या अंदाजानुसार ६५० पैकी चारशेच्या आसपास मतदारसंघांत बाहेर पडणाऱ्यांची सरशी होती, जरी देशभरातला फरक ५१.९ विरुद्ध ४८.१ इतकाच होता. राहू इच्छिणाऱ्यांची मते लंडन, स्कॉटलंड आणि विद्यापीठांच्या शहरांत साचली होती. लॅम्बेथ, हॅकनीसारख्या लंडनच्या भागांत ती ७८ टक्क्यांवर गेली. जिंकायला लागतात त्याहून जास्त पडलेली मते एकही जागा वाढवत नाहीत. आपली लोकसभाही याच पद्धतीने निवडली जाते, तेव्हा हे गणित मराठी वाचकाला नवे नाही.

मजूर पक्षाची मान इथेच अडकली. त्याच्या सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते, पण त्याच्या सुमारे ६० टक्के जागा मात्र बाहेर पडण्याच्या बाजूच्या. तेव्हाचे पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्या इझलिंग्टनमध्ये राहण्याच्या बाजूने ७५ टक्के मते पडली. पक्षाचे जुने खासदार डेनिस स्किनर १९७० पासून जिथून निवडून येत होते त्या बोल्सोव्हरच्या खाणपट्ट्यात ७० टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने होती. एकाच पक्षाचे हे दोन बालेकिल्ले.

हुजूर पक्षाच्या सरकारला कोंडीत पकडण्याचे काम विरोधात बसलेल्या मजूर पक्षाने उत्तम केले, हे सांगितलेच पाहिजे. नोव्हेंबर २०१७ मध्ये राणीला उद्देशून विनंती-ठराव मांडण्याची जुनी, जवळपास विस्मृतीत गेलेली रीत वापरून त्यांनी ब्रेग्झिटच्या परिणामांवरची सरकारी कागदपत्रे बाहेर काढायला लावली. कायदेशीर सल्ला दडवल्याबद्दल डिसेंबर २०१८ मध्ये सरकारवर संसदेच्या अवमानाचा ठपका बसला, ३११ विरुद्ध २९३ मतांनी. १५ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान थेरेसा मे यांचा महासंघातून बाहेर पडण्याचा करार २३० मतांच्या फरकाने पडला. पण नको ते पाडणे आणि हवे ते ठरवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम १ एप्रिल २०१९ रोजी फसले. त्या संध्याकाळी महासंघाच्या सीमाशुल्क संघात (आपसांत जकात नाही, बाहेरच्यांना एकच जकात) राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६ असा अवघ्या तीन मतांनी पडला, आणि कराराला जनतेची मंजुरी घेण्याचा ठराव २८० विरुद्ध २९२ असा बारा मतांनी. सीमाशुल्क संघाच्या वेळी स्कॉटिश नॅशनल पक्ष तटस्थ राहिला आणि मजूर व हुजूर पक्षांतून फुटून निघालेल्या चेंज यूके गटाने विरोधात मत दिले, कारण त्यांना थेट दुसरे सार्वमत हवे होते. सार्वमताच्या ठरावावर उलटे झाले: मजूर पक्षाच्याच वीसहून अधिक खासदारांनी, बहुतेक बाहेर पडण्याकडे कल असलेल्या भागांतल्या, पक्षादेश धुडकावला. प्रत्येकाने आपल्या पहिल्या पसंतीसाठी दुसरी पसंती मारली. तीन मते! मवाळ ब्रेग्झिटची संधी त्या दिवशी गेली ती गेलीच, आणि त्याचा दोष एकट्या हुजूर पक्षावर ढकलता येणार नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे, तरी एक आकडेवारी फारशी सांगितली जात नाही. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची भूमिका अशी होती: तीन महिन्यांत नवा करार, सहा महिन्यांत सार्वमत, आणि त्यात पक्षनेता तटस्थ. लिबरल डेमोक्रॅट म्हणत होते, बहुमत दिलेत तर ब्रेग्झिट रद्दच करू. दुसरे सार्वमत किंवा महासंघातच राहणे यांची बाजू घेणाऱ्या पक्षांना मिळून निम्म्याहून किंचित जास्त मते पडली. हुजूर पक्षाला ४३.६ टक्के मते, पण ३६५ जागा. फराज यांच्या ब्रेग्झिट पक्षाने हुजुरांच्या ३१७ जागांवर उमेदवारच दिले नाहीत. पलीकडे लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन आणि वेल्सचा प्लाइड कम्री यांनी साठेक जागांवर समझोता केला, पण सर्वांत मोठा मजूर पक्ष त्याबाहेर होता. स्किनर पडले, मजूर पक्ष २०२ वर आला, लिबरल डेमोक्रॅटांच्या नेत्या जो स्विन्सन स्वतःची जागा १४९ मतांनी हरल्या.

कॉर्बिन यांच्यानंतर मजूर पक्षाचे नेते झालेले कीअर स्टार्मर यांनी यातून काय धडा घेतला ते ३० डिसेंबर २०२० रोजी दिसले. हुजूर पंतप्रधान जॉन्सन यांच्या महासंघाशी झालेल्या व्यापार कराराच्या बाजूने मत देण्याचा पक्षादेश त्यांनी काढला. पुढे महासंघाची एकल बाजारपेठ नाही, सीमाशुल्क संघ नाही, मुक्त संचार (युरोपीय नागरिकांना कुठेही राहण्याची व काम करण्याची मुभा) नाही, अशा तीन रेषा आखल्या. याच रेषा घेऊन २०२४ मध्ये ३३.७ टक्के मतांवर त्यांना ४११ जागा मिळाल्या. त्यात हुजूर आणि रिफॉर्म यूके (ब्रेग्झिट पक्षाचेच नवे नाव) यांच्यातल्या मतविभागणीचा वाटा मोठा होता. रिफॉर्मला १४.३ टक्के मते पडूनही पाचच जागा मिळाल्या आणि लिबरल डेमोक्रॅटांना त्याहून कमी मतांवर ७२, कारण त्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेतल्या निवडक जागांवरच सारा जोर लावला, आणि तोही नद्यांतले सांडपाणी व वृद्धांची देखभाल या विषयांवर. युरोपप्रेमी म्हणून ओळखला जाणारा पक्षही प्रचारात युरोपचे नाव जपून घेत होता. आमच्या मते स्टार्मर यांची सावधगिरी विरोधात असताना समजण्यासारखी होती, सत्तेत आल्यावर ती महाग पडते आहे. ब्रेग्झिटमुळे उत्पादकता दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील, असे ब्रिटनचे अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालय मानते. त्यापुढे महासंघाशी झालेला मे २०२५ चा समझोता, म्हणजे युरोपीय बोटींना २०३८ पर्यंत मासेमारीची मुभा आणि त्याबरोबर खाद्यपदार्थांच्या तपासण्या कमी करण्याची बोलणी, फार तोकडा आहे.

हुजूर पक्षाची आजची अडचण वेगळी. मुक्त संचार संपल्यावर जानेवारी २०२१ पासून त्यांच्याच सरकारने व्हिसासाठी गुणांकन पद्धत आणली. विद्यार्थी, देखभाल सेवक, युक्रेन आणि हाँगकाँगहून आलेले लोक धरून जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले. आलेल्यांत भारतीयांचा वाटा मोठा होता. ज्यांनी सीमा ताब्यात येतील म्हणून मत दिले ते रिफॉर्मकडे वळले. हुजूर पक्षाच्या नेत्या केमी बेडनॉक यांनी स्थलांतरावर टीका करताच, तो निर्णय कुणाचा, हा प्रश्न त्यांच्यावरच उलटतो. मे २०२५ मध्ये रनकॉर्न व हेल्सबीची पोटनिवडणूक रिफॉर्मने मजूर पक्षाकडून सहा मतांनी जिंकली आणि त्याच दिवशी दहा कौन्सिलांची सत्ताही मिळवली. 'चूक' म्हणणारे ५५ टक्के असलेल्या देशातच हे घडले.

या साऱ्यात गोव्याचा एक धागा आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन स्विंडन, साउथॉल, लेस्टर इथे स्थायिक झालेल्या गोवेकरांना २०१६ च्या सार्वमतात मत नव्हते, कारण ते महासंघाचे नागरिक म्हणून तिथे होते. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, मतदारयादीत नाव असलेल्या पुणेकराला मात्र राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ते होते. संसदेच्या निवडणुकीतही हाच नियम आहे. ज्यांच्या राहण्याचा हक्कच पणाला लागला होता त्यांचे मत मोजलेच गेले नाही, ही आमच्या लेखी त्या सार्वमताची मोठी उणीव. पोर्तुगालशी ब्रिटनचा स्वतंत्र करार असल्याने इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकीत त्यांना अजून मत देता येते. तिथे नातेवाईक असलेल्या वाचकांनी मतदारयादीत नाव असल्याची खात्री करायला त्यांना जरूर सांगावे.

संपादकांना एक विनंती. ब्रिटिश चाचणीची बातमी देताना प्रश्नाचे नेमके शब्द, चाचणीच्या तारखा, नमुन्याची संख्या आणि 'माहीत नाही' म्हणणारे आकड्यात धरले की वगळले, एवढे चौकटीत द्यावे. ब्रिटिश पोलिंग कौन्सिलच्या सदस्य संस्थांना सविस्तर तक्ते दोन कामकाजाच्या दिवसांत खुले करावे लागतात, त्यामुळे ही माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर मिळते. 'माहीत नाही' वगळले की ५५ विरुद्ध ३० चे ६५ विरुद्ध ३५ होते आणि मथळा बदलतो. हजाराच्या नमुन्यात दोन-तीन टक्क्यांचा चढउतार नमुन्यातल्या फरकानेही येतो. त्यावरून 'ब्रिटनचा कल बदलला' असे छापू नये. त्याऐवजी त्याच प्रश्नाचे मागच्या सहा महिन्यांचे आकडे शेजारी द्यावेत.

— ब्रिटिश निवडणुकांचे दोन अभ्यासक, पुणे